गच्चीवरची तीन वर्तुळे

स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा आधी नववीची भूमितीची वही शोधून काढली. तिच्या एका पानावर सहा-सहा सेंटिमीटर व्यासाची तीन वर्तुळे आहेत. शाळेतले मी काय जपले, असे कुणी विचारले तर मी हे पान दाखवीन.

९ जानेवारी १९८२, शनिवारची रात्र. खग्रास चंद्रग्रहण पाहायला विज्ञानाच्या सरांनी आम्हा पंधरा-वीस जणांना शाळेच्या गच्चीवर बोलावले होते. पावणेबाराच्या सुमारास चंद्राच्या पूर्वेच्या कडेला काजळी धरू लागली. चंद्र जवळजवळ डोक्यावर होता. माना दुखायला लागल्या, तशा सरांनी सतरंज्या पसरून सगळ्यांना आडवे केले. बरोबर सव्वाबाराला त्यांनी शिट्टी वाजवली. "आत्ता दिसतेय ती कड वर्तुळात उतरवा. दिसते तेवढेच काढा, वाटते ते नको." टॉर्चला लाल जिलेटिन लावलेले, थंडीने बोटे आखडलेली, तरी माझी रेघ बऱ्यापैकी गोल आली.

पाऊण वाजून गेल्यावर चंद्र पूर्ण सावलीत शिरला आणि तांबूस झाला. पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला लाल प्रकाश तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो, हे पुस्तकात वाचले होते. त्याच्या शेजारी पुनर्वसूचे दोन तारे एकदम ठळक होतील आणि पश्चिमेला कृत्तिकांचा पुंजका उमटेल, हे मात्र कुठे वाचले नव्हते. पौर्णिमेच्या रात्री आकाश तारे परत करत होते. ७८ मिनिटे ते तसेच राहिले. आमच्यात कुणी फारसे बोललेच नाही.

सोमवारी वर्गात खरी गंमत. काढलेली रेघ म्हणजे सावलीच्या गोल कडेची कमान. तिच्यावर दोन जीवा काढा, त्यांचे लंबदुभाजक जिथे मिळतील तो सावलीचा मध्य. माझ्या सावलीचा व्यास साडेसोळा सेंटिमीटर आला, म्हणजे चंद्राच्या पावणेतीन पट. सर म्हणाले, "पृथ्वीची सावली चंद्रापर्यंत पोचेस्तोवर साधारण एका चंद्राएवढी निमुळती होते. तेवढे परत मिळवा." पावणेचार! पृथ्वी चंद्राच्या ३.७ पट रुंद आहे असे पुस्तकात होते. लंबदुभाजकाचा उपयोग काय, हा प्रश्न मला त्यानंतर कधी पडला नाही.

मग सरांनी त्याच पानावर आणखी दोन वर्तुळे काढायला लावली आणि खाली साले लिहायला सांगितली, २००१ आणि २०२०. २३५ चांद्रमास आणि १९ वर्षे जवळजवळ सारखी भरतात, म्हणून दर १९ वर्षांनी त्याच तारखेच्या आसपास, त्याच ताऱ्यांत पौर्णिमा येते. चंद्र मात्र प्रत्येक वेळी सावलीतून थोडा उत्तरेकडे सरकून जातो. "तेव्हा मी कुठे असेन सांगता येत नाही, पण चंद्र येईल. तुम्ही या."

९ जानेवारी २००१ च्या रात्री आम्ही चौघे आलो. सर आधीच गच्चीवर होते, कानटोपी घालून, शिट्टी गळ्यात. १९८२ ला चंद्राची दक्षिण कड उजळ राहिली होती, या वेळी उत्तरेची राहिली. ते त्यांनी आम्हाला सांगितले नाही, आमच्याकडून वदवून घेतले.

१० जानेवारी २०२० ला मी एकटाच होतो. सर गेल्याला तेव्हा सहा वर्षे झाली होती. चंद्र या खेपेस गडद सावलीच्या बाहेरूनच जाणार होता, नुसते छायाकल्प ग्रहण, म्हणजे भोवतीच्या फिकट सावलीतले. काजळी नाही, तारेही परतले नाहीत. मध्यरात्रीनंतर चाळीस मिनिटांनी दक्षिणेकडची बाजू जराशी मळकट वाटली. वाटली की दिसली, हे ठरवायला मी बराच वेळ डोळे मिटून पुन्हा पुन्हा पाहिले. दिसली होती. कडच नव्हती, तेव्हा रेघ ओढता येईना. पेन्सिल आडवी धरून वर्तुळाचा खालचा भाग अगदी हलका घासला आणि शेजारी वेळ लिहिली, १२.४०.