काळ्या दगडातला हिरवा तुकडा

मी १९८९ची दहावी. कळव्यातल्या आपल्या शाळेच्या वरच्या मजल्यावरून पारसिकचा डोंगर दिसायचा. दुपारी दगडखाणीत सुरुंग उडाला की तावदानं थरथरायची आणि विज्ञानाच्या बाई हातातला खडू तसाच धरून थांबायच्या.

नववीत पृथ्वीच्या अंतरंगाचा धडा होता. चाचणीत मी लिहिलं, ‘भूकवचाखाली सगळीकडे उकळता लाव्हा आहे.’ बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्यातून बेसनाचा लाडू आणला, तूप सढळ हाताने घातलेला, आणि स्टीलच्या ताटलीत खिडकीशी उन्हात ठेवला. जोडतास संपेपर्यंत ताटलीत तुपाचा ओघळ आला. लाडू लाडूच राहिला.

“भूकवचाखालचा थर, प्रावरण, म्हणजे हा लाडू. घट्ट. त्यातलं थोडं वितळून वर येतं, तोच हा पारसिकचा दगड.”

भूशास्त्रात एमएस्सी करतानाही इतकं नेमकं मला कुणी समजावलं नाही. प्रावरण सुमारे २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत जातं, पृथ्वीच्या आकारमानाचा ८४ टक्के भाग व्यापतं, आणि ते जवळजवळ सगळं घन आहे. भूकंपाच्या ज्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, त्या त्यातून आरपार जातात. वरच्या भागातला खडक पेरिडोटाइट: निम्म्याहून जास्त ऑलिव्हीन हे हिरवं खनिज, बाकी पायरॉक्झिन, थोडं स्पिनेल किंवा गार्नेट. हा खडक वर सरकला की दाब उतरतो आणि त्याचा काही अंश वितळतो. ऑलिव्हीन बहुतेक मागेच राहतं. निथळलेला रस वर येऊन गोठला की बेसॉल्ट. दख्खनचा काळा फत्तर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असाच आला.

एमएस्सीच्या अभ्याससहलीत भूजजवळ काळ्या बेसॉल्टमध्ये रुतलेला, सुपारीएवढा हिरवा तुकडा मिळाला. लाव्हाने येताना सोबत ओढून आणलेलं साक्षात प्रावरण! ठाण्याला उतरले ती थेट बाईंच्या घरी गेले. त्या भिंगातून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, तुपाबरोबर लाडवाचा कणही आला की!”

२०१४ मध्ये खालच्या प्रावरणातल्या मुख्य खनिजाला ब्रिजमनाइट हे नाव मिळालं. पृथ्वीत सर्वांत विपुल असलेलं हे खनिज ६६० किलोमीटरच्या खाली असतं, आणि नाव द्यायला नैसर्गिक नमुना लागतो. तो मिळाला १८७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या टेनहॅम उल्केत. मी बाईंना फोन केला. निवृत्त होऊन वर्षं झाली होती, तरी त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पण दाब गेल्यावर ते टिकलं कसं?” अवकाशातल्या टकरीत क्षणभर प्रचंड दाब आला आणि लगेच ते थंड झालं, म्हणून टिकलं, असं सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

हिरवा तुकडा आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, दाराजवळच्या कपाटात. खालची चिठ्ठी बाईंच्या अक्षरात आहे: ‘पेरिडोटाइट. प्रावरणातून. मुलांच्या हातात द्यावा.’