जाताना सव्वासोळा तास, येताना पावणेचौदा

सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन सप्टेंबरात न्यू जर्सीला बहिणीकडे गेले. मुंबई ते नेवार्क, मध्ये कुठेही न उतरता. आईला किलोमीटरशी देणंघेणं नाही. आयुष्यभर एसटीने फिरलेली बाई, तिचा प्रश्न एकच : "किती तास लागतात गं?"

निघण्याआधी भाच्यासाठी घेतलेल्या पृथ्वीच्या गोलावर मी दोरा ताणून बघितला. नकाशात अमेरिका सरळ पश्चिमेला दिसते, म्हणून दोरा आफ्रिकेवरून जाईल असं वाटलं होतं. गेला भलतीकडेच! सिंध, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे-स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि मग खाली नेवार्क. हे अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर. गोलावरची सर्वांत जवळची वाट अशी उत्तरेकडे वळते, हे शाळेत कुणीतरी दोरा हातात देऊन दाखवायला हवं होतं.

विमानाला मात्र दोऱ्यासारखं जाता येत नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्यामुळे आम्ही रात्री दीडला निघालो ते अरबी समुद्रावरून आखाताकडे, तिथून तुर्कस्तान आणि युरोपवरून अटलांटिकवर. समोरच्या पडद्यावर वेग दिसत होता, ताशी ७९० किलोमीटर. बाहेर उणे ५४ अंश. आईच्या पायांना सूज येऊ नये म्हणून दर दोन तासांनी तिला उठवून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत फेरी मारायचे. तिसऱ्या फेरीला तिथे उभ्या उभ्याच आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. सव्वासोळा तासांनी उतरलो, तेव्हा तिथे त्याच दिवशीचे सकाळचे सव्वाआठ वाजले होते.

जानेवारीत परत येताना पडद्यावर आकडा दिसला १,०७०. आईनेच तो दाखवला. "अगं, पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना? मग जाताना अमेरिका आपल्याकडे यायला हवी. उलट कसं झालं?"

प्रश्न फार चांगला होता. मी तिला लोकलचं उदाहरण दिलं. धावत्या गाडीत शेंगदाणा वर उडवला तरी तो आपल्याच हातात पडतो, कारण तोही गाडीबरोबर पळत असतो. तशी हवाही पृथ्वीबरोबर फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. फरक पाडतो तो वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. उत्तरेकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उष्ण हवा यांच्यातल्या फरकातून तो तयार होतो. हा फरक हिवाळ्यात वाढतो, म्हणून वाराही जोर धरतो, कधी कधी ताशी २०० किलोमीटरच्या वर. जाताना तो तोंडावर होता, येताना पाठीशी.

"म्हणजे नदीसारखंच की," आई म्हणाली. "वरच्या अंगाला जायला वेळ लागतो."

मी इतकं बोलून जे सांगितलं, ते तिने एका वाक्यात सांगितलं.

पावणेचौदा तासांनी, दुपारी पाऊण वाजता, विमान मुंबईत टेकलं. मोबाईल चालू केला तोच बहिणीचा फोन. तिच्याकडे रात्रीचे सव्वादोन वाजले होते. आमचं विमान नकाशावर बघत ती जागीच होती.

"पोचलात ना? आईला दे जरा. मग झोपते."