जकार्ताची गुळाची थंड कॉफी

आजच्या उकाड्यावर उतारा म्हणजे एस कोपी सुसू, जकार्ताच्या तरुणाईची लाडकी थंड दूध-कॉफी. दक्षिण जकार्तात 2015मध्ये सुरू झालेल्या तुकू या दुकानाचा ती लोकप्रिय करण्यात मोठा वाटा. महागड्या कॅफेंपुढे पोरांना परवडेल अशी चांगली कॉफी मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

खरा जीव गुळात. तिकडे आरेन ताडाचा. आपल्याकडे गोव्याचा माडाचा गूळ चालतो, चव जरा वेगळी. पाकासाठी 100 ग्रॅम गूळ, 60 मिली पाणी, मंद आच. गाळायचंच, कचकच असते. पाक तारेवर गेला तर बर्फाने घट्ट होऊन तळाशी चिकटतो.

ग्लासात 25 मिली पाक, बर्फ, 120 मिली गार दूध, वरून 40 मिली कडक कॉफी, तीही निववून; गरम ओतली की बर्फ वितळून सगळं पाणचट. कॉफीच्या बियांत थोडी रोबस्टा ही कडक जात हवीच, अरेबिका ही दुसरी जात हलकी भाजलेली असली तर दुधात हरवते.