व्याकरण चालवा!

आमच्या लहानपणी मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा, ‘अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा.’ सायकल चालवतात, दुकान चालवतात, पण व्याकरण कसं चालवायचं हे पाचवीतल्या मला काही केल्या कळत नव्हतं. मग एकदा ती चाल जमली. ‘रामाने’ म्हटलं की एका दमात नाम, विशेषनाम, पुल्लिंगी, एकवचनी, तृतीया, ‘मारले’ या क्रियापदाचा कर्ता! मार्क पैकीच्या पैकी. अर्थ कुणी विचारायचं नाही.

पुढे एकतीस वर्षं मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आणि तिथेही हेच चालवलं. नाव तेवढं बदललं, पार्सिंग. हे सगळं ब्रिटिशांनी आपल्या डोक्यावर ठेवलं अशी माझी पक्की समजूत होती. निवृत्तीनंतर लेकीकडे अमेरिकेत इलिनॉयला गेले, तिथे ती समजूत जरा हलली.

जावयांनी एका रविवारी न्यू सेलमला नेलं. स्प्रिंगफील्डपासून अर्ध्या तासावर, टेकडीवरचं लाकडी घरांचं गाव. अब्राहम लिंकन 1831 मध्ये इथे आला आणि सहा वर्षं राहिला. त्यानंतर गाव ओस पडलं. आज दिसतं ते पुन्हा उभारलेलं आहे, मूळचं घर एकच, पिंपं बनवणाऱ्या ऑनस्टॉटचं. त्याच्या दुकानात लाकडाच्या ढलप्यांच्या जाळावर लिंकन रात्री वाचत बसायचा म्हणतात. काय वाचत बसायचा? तर इंग्रजी व्याकरण! माझा नातू म्हणाला, “आजी, पण त्याला इंग्लिश तर येतच होतं ना?” एकतीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला हा प्रश्न पडला नव्हता. पडला असेल तरी त्यानं मला विचारला नाही, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे.

घरी आल्यावर मी तेच पुस्तक नेटवर शोधलं. सॅम्युअल कर्कहॅम या मास्तरचं, ‘इंग्लिश ग्रामर इन फॅमिलियर लेक्चर्स’. स्कॅन केलेली पानं पिवळी, कुठे कुठे शाईचे डाग. नाऊनचं पार्सिंग कसं करायचं याचा क्रमच त्यात छापलेला आहे: नाऊन, अँड व्हाय? कॉमन, प्रॉपर की कलेक्टिव्ह, अँड व्हाय? जेंडर, अँड व्हाय? पर्सन, नंबर, केस, दरवेळी मागे ते ‘अँड व्हाय?’ आणि शेवटी नियम म्हणून दाखवायचा. मला आमचे गुरुजीच समोर उभे राहिल्यासारखे वाटले. फक्त आमच्याकडे ‘का?’ नव्हतं. अर्थात कर्कहॅमच्या ‘का’चं उत्तरही ठरलेलं होतं, तेही घोकायचंच.

मग मी मागे मागे जात राहिले. अमेरिकेत आधी ‘ग्रामर स्कूल’ म्हणजे लॅटिनची शाळा. 1647 च्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानं पन्नास कुटुंबांच्या गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर ठेवायला लावला आणि शंभर कुटुंबांच्या गावाला ग्रामर स्कूल. तिथलं ग्रामर इंग्रजीचं नव्हतंच. इंग्रजी काय, ती घरी येतेच! हार्वर्डला जाणाऱ्या मुलांनी लॅटिनची रूपं घोकायची. बेंजामिन फ्रँकलिननं अठराव्या शतकाच्या मध्याला हट्ट धरला की धंदा-व्यापार करणाऱ्यांच्या पोरांना लॅटिन नको, चांगलं इंग्रजी हवं. फिलाडेल्फियाच्या त्याच्या अकॅडमीत इंग्रजीची शाखा निघाली खरी, पण लॅटिनवाल्यांनी तिला सावत्र पोरासारखं वागवलं. म्हातारपणी, 1789 मध्ये, फ्रँकलिन त्याच तक्रारीचा लांबलचक कागद लिहीत बसला होता.

इंग्रजीचं व्याकरण शाळेत शिरलं तेव्हाही ते लॅटिनचेच कपडे घालून आलं. याला हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. आपण संस्कृतच्या विभक्त्या मराठीला घातल्या आणि पोरांकडून द्वितीयेला ‘स-ला-ते’ पाठ करून घेतलं, मग चतुर्थीलाही तेच ‘स-ला-ते’. “बाई, दोन्ही एकच आहेत की,” असं कुणी म्हटलं तर त्याला वर्गाबाहेर.

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर त्या नव्या देशाला स्वतःचं पुस्तक हवं होतं. ते लिहायला बसला नोआ वेब्स्टर, डिक्शनरीवाला. 1783 मध्ये स्पेलिंगचं पुस्तक, 1784 मध्ये व्याकरण, 1785 मध्ये वाचनपाठ. स्पेलिंगचं पुस्तक घरोघर गेलं, व्याकरणाला तेवढं नशीब नव्हतं. मला हा माणूस आवडतो तो एका गोष्टीसाठी. एका माणसाशी बोलताना ‘यू वॉज’ म्हणणं बरोबर आहे, असं तो छातीठोकपणे सांगायचा. लोक तसं बोलतात ना, मग नियमानं लोकांच्या मागून यावं! मी ‘यू वॉज’वर किती लाल रेघा मारल्या असतील याचा हिशेब नाही.

वेब्स्टरवर मात केली ती लिंडले मरेनं. हा पेनसिल्व्हेनियात जन्मलेला, न्यूयॉर्कचा वकील, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. मॅनहॅटनमधलं मरे हिल हे नाव त्याच्याच घराण्याचं. 1784 मध्ये तब्येतीसाठी इंग्लंडला गेला आणि यॉर्कजवळ कायमचा राहिला. पुढे पुढे चालणंही जमेना. तिथल्या क्वेकर मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांनी गळ घातली म्हणून त्यानं 1795 मध्ये ‘इंग्लिश ग्रामर’ लिहिलं. बरंचसं बिशप लाउथच्या 1762 च्या व्याकरणावरून घेतलेलं, आणि आपण संकलक आहोत हे त्यानं लपवलंही नाही. पुस्तक समुद्र ओलांडून अमेरिकेत आलं आणि अक्षरशः लाखांनी खपलं. म्हणजे अमेरिकन माणसानं इंग्लंडात बसून, इंग्रज बिशपाच्या आधारानं, मुलींसाठी लिहिलेलं पुस्तक अमेरिकेतल्या पोरांनी पाठ केलं. ब्रिटिशांना दिलेले माझे निम्मे शिव्याशाप मी तिथेच मागे घेतले.

मुलींवरून आठवलं. बॉस्टनमध्ये केलेब बिंगमनं मुलींची शाळा काढली होती, तिच्यासाठी 1785 मध्ये त्यानं ‘यंग लेडीज ॲक्सिडेन्स’ हे छोटं व्याकरण लिहिलं. मुलींना लॅटिनच्या शाळेत जागा नव्हती, म्हणून इंग्रजीचं व्याकरण त्यांच्यासाठी आधी सोपं करून लिहिलं गेलं. दार बंद असलं की खिडकी कशी उघडायची, हे बायकांना काही नवीन नाही.

मरेच्या पुस्तकात महत्त्वाचे नियम मोठ्या टायपात आणि स्पष्टीकरण बारीक टायपात आहे. मोठ्या टायपातलं पाठ करायचं. बारीक टायपाचं काय होतं ते मी सांगायला नको, आमच्याकडे त्याला ‘ऑप्शनला टाकणं’ म्हणत. शिवाय ‘फॉल्स सिंटॅक्स’ नावाचा प्रकार: मुद्दाम चुकीची वाक्यं द्यायची आणि पोरांनी ती दुरुस्त करायची. लाउथनं तर चुकांचे नमुने शेक्सपिअर आणि मिल्टनमधून काढले होते! शेक्सपिअर नापास करणारा पेपर मीही काढला असता, संधी मिळाली नाही एवढंच.

या मंडळींची आपसातली भांडणं तर आमच्या स्टाफरूमसारखीच. गूल्ड ब्राउन नावाच्या एकानं 1851 मध्ये हजारावर पानांचं ‘ग्रामर ऑफ इंग्लिश ग्रामर्स’ काढलं आणि त्यात इतर व्याकरणकारांच्याच चुका ढिगानं गोळा केल्या. बिचाऱ्या कर्कहॅमला तर धुऊन काढलं आहे. त्याच वर्षी आलेल्या ‘मोबी डिक’ या कादंबरीत वेडसर झालेला, जहाजावरचा पोऱ्या पिप ‘आय लुक, यू लुक, ही लुक्स’ असं पुटपुटत येतो, आणि ऐकणारा म्हणतो, हा मरेचं ग्रामर शिकलाय वाटतं! शाळेत घोकलेलं असं जहाजापर्यंत पोचलं होतं. वाक्याची आकृती काढण्याची पद्धत मरेच्या नंतरची. क्लार्कनं 1847 मध्ये फुग्यांत शब्द भरले, रीड आणि केलॉगनं 1877 मध्ये सरळ रेघा आणल्या. मला त्यात फारसा रस वाटला नाही. आकृत्या भूमितीत बऱ्या.

मला पुन्हा कर्कहॅमकडे यायचं आहे. माझ्यासमोरच्या आवृत्तीत प्रांतोप्रांतीच्या ‘अशुद्ध’ बोलण्याची यादी आहे. एका बाजूला चूक, दुसऱ्या बाजूला दुरुस्ती. मेरीलँड, व्हर्जिनिया, केंटकी यांचा एक गट. त्यात ‘व्हार यू ग्वाइन?’ आणि त्यासमोर ‘व्हेअर आर यू गोइंग?’ लिंकन केंटकीत जन्मलेला. ती यादी वाचताना मला आमच्या वर्गातली कर्नाटक सीमेवरच्या गावची पोरं आठवली. त्यांचं घरचं बोलणं मी फळ्यावर डावीकडे लिहायची आणि उजवीकडे ‘शुद्ध’. पोरं हसायची. ज्याचं बोलणं लिहिलेलं असायचं तोही हसायचा. आता वाटतं, ते हसणं खरं नसावं.

पण लिंकनला हे कुणी बळजबरीनं शिकवलं नव्हतं. त्याची सगळी शाळा मिळून वर्षभराचीही नव्हती. बाविशी-तेविशीत मेंटर ग्रॅहम या मास्तरनं सुचवलं, पुस्तक व्हान्स नावाच्या माणसाकडे आहे असं कळलं, आणि तो सहा मैल चालत जाऊन ते घेऊन आला, ही गावकऱ्यांनी मागाहून सांगितलेली हकीकत. मग कुणा मित्राच्या हातात पुस्तक द्यायचं आणि त्याला प्रश्न विचारायला लावायचे. अध्यक्षपदाची निवडणूक लढवताना, 1860 मध्ये, त्यानं आपला छोटा वृत्तांत लिहून दिला. त्यात तेविशीनंतर व्याकरण शिकल्याचा उल्लेख आहे, आणि ‘अर्थातच अपुरं’ अशी पुस्तीही. कर्कहॅमनं मुखपृष्ठावरच लिहिलं होतं, शाळांसाठी आणि एकट्यानं शिकणाऱ्यांसाठी. तो ‘अँड व्हाय?’ वर्गात छडीसारखा वाजतो. ढलप्यांच्या जाळापाशी एकट्यानं स्वतःला विचारला तर वेगळाच वाजत असणार.

ती प्रत वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवली आहे. तिच्यावर एक ओळ लिहिलेली आहे, हस्ताक्षर लिंकनचं मानतात: ‘ॲन एम. रटलेज इज नाऊ लर्निंग ग्रामर.’ ॲन म्हणजे न्यू सेलमच्या खाणावळवाल्याची मुलगी. 1835 मध्ये तापानं गेली, बाविसाव्या वर्षी.

नातवाला मी ती ओळ दाखवली आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, “ॲन, प्रॉपर नाऊन...”

“अँड व्हाय?” तो म्हणाला. त्याला मीच शिकवलं होतं.

मी काही उत्तर दिलं नाही. ‘इज लर्निंग’पाशी येऊन थांबले.