‘गोपनीयता धोरण’ ही नुसती पाटी

नवी पेठेतल्या दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर मागितला की सोलापूरकर हमखास विचारतो, “कशाला पाहिजे?” तोच माणूस चादरींच्या वेबसाइटवर नंबर, पत्ता, जन्मतारीख सगळं भरतो आणि खाली ‘गोपनीयता धोरण’ अशी ओळ दिसली की निर्धास्त होतो. घोळ त्या नावातच आहे.

हा भाबडेपणा काही आपल्याकडचाच नाही. प्यू रिसर्च या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या 2014 च्या पाहणीत इंटरनेट वापरणाऱ्या 52 टक्के अमेरिकन लोकांना वाटत होतं की धोरण आहे म्हणजे कंपनी सगळी माहिती गुप्त ठेवते. प्रत्यक्षात ‘तुमची माहिती आम्ही जाहिरातदारांना देतो’ असं सांगणारं पानसुद्धा गोपनीयता धोरणच. आणि आपल्याकडे ते छापतात, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांनी ते बंधनकारक केलं. दुकानात जीएसटी नंबरची पाटी लावतात, तसंच.

अख्खं वाचत बसू नका. मॅकडोनाल्ड आणि क्रेनर या संशोधकांनी 2008 मध्ये हिशेब मांडला होता: वर्षभरात बघितलेल्या सगळ्या साइटांची धोरणं वाचायला माणशी 200 हून जास्त तास लागतील. रोजचे आठ तास धरले तरी 25 दिवस झाले!

त्यापेक्षा क्रोममध्ये तीन ठिपके दाबा, ‘फाइंड इन पेज’ उघडा आणि शेअर, पार्टनर, रिटेन (म्हणजे माहिती ठेवून घेणं) हे शब्द इंग्रजीत शोधा. ‘शेअर’च्या आसपास ‘सर्व्हिस प्रोव्हायडर’ असेल तर ते बहुधा कुरिअर नाहीतर पेमेंटवाले; त्यांना पत्ता दिल्याशिवाय चादर घरी येणार कशी? ‘मार्केटिंग पार्टनर’ किंवा ‘अफिलिएट’ (संलग्न कंपनी) दिसलं की थांबा. हे कोण, ते नावानिशी क्वचितच सांगतात. ‘वुई मे शेअर’मधला ‘मे’ तर भलताच सोयीचा. आपण त्याचा अर्थ ‘कदाचित’ असा घेऊन पुढं जातो, कंपनीनं मात्र देण्याची मोकळीक राखून ठेवलेली असते. ‘रिटेन’पाशी महिने-वर्षं न सांगता ‘गरज असेल तोवर’ एवढंच असेल, तर मुदतच नाही असं धरा.

प्ले स्टोअरवरचा ‘डेटा सेफ्टी’ हा भागही अ‍ॅपवालाच भरतो. त्यापेक्षा फोनच्या सेटिंग्जमधलं परमिशन मॅनेजर बघा. टॉर्चच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट कशाला हवेत? धोरण आपल्याला बदलता येत नाही, परवानगी काढून घेता येते.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं कंपन्यांना संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 पैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही कानावर पडतात, आणि चारही त्या यादीत आहेत. संमती मागं घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. मात्र या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि या तरतुदी लागू व्हायला तिथून 18 महिन्यांची मुदत आहे. तोवर ‘गेस्ट’ म्हणून, म्हणजे खातं न उघडता, ऑर्डर करता येते का बघा, आणि जन्मतारखेच्या रकान्यापुढं लाल चांदणी (सक्तीची खूण) नसेल तर तो कोरा सोडा.