बायपासनंतरचा रक्तदाब

सासऱ्यांची बायपास झाल्यावर पर्वतीवर फिरायला येणाऱ्या त्यांच्या मित्रमंडळींनी एकमुखाने निर्वाळा दिला, की आता हृदयाच्या नळ्या नव्या कोऱ्या झाल्या, काळजी मिटली. वस्तुस्थिती तशी नाही. अडलेल्या जागेला वळसा घालून रक्त नेण्यासाठी जोडलेल्या या नळ्या, म्हणजे ग्राफ्ट, रुग्णाच्याच शरीरातून काढलेल्या असतात, आणि रक्तदाबाचा मारा सोसण्याची सगळ्यांची कुवत सारखी नसते.

सासऱ्यांना तीन ग्राफ्ट घातले आहेत: एक छातीच्या आतील डावी धमनी आणि दोन पायातील शिरेचे तुकडे. माणूस आडवा असताना पायाच्या शिरेत पाऱ्याच्या जेमतेम ५ ते १० मिलिमीटर इतका दाब असतो; तीच शीर हृदयावर जोडली की तिला सरासरी ९० ते १०० मिलिमीटरचा दाब, तोही प्रत्येक ठोक्याला उसळणारा, रात्रंदिवस झेलावा लागतो. त्याला तोंड देताना शिरेची भिंत जाड होते, आतला थर वाढत जातो आणि पुढे काही वर्षांत त्यावर चरबी साचू लागते. दहा वर्षांनी शिरेचे जवळजवळ निम्मे ग्राफ्ट बंद किंवा बरेच अरुंद झालेले आढळतात, तर छातीतील धमनी सुमारे ९० टक्के रुग्णांत वाहती राहते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. या धमनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड भरपूर तयार करते, त्यामुळे ती सैल राहते. मात्र वर्षानुवर्षे दाब चढा राहिला, तर अस्तराचा हा गुणही कमी होतो.

म्हणून गोळ्यांकडे केवळ मशीनवरचा आकडा उतरवण्याचे साधन म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. रॅमिप्रिलसारखी औषधे दाब उतरवतात, शिवाय अस्तराचे कार्यही सुधारतात. मनगटाची धमनी वापरली असेल, तर ती स्नायुमय असल्याने आखडू शकते, आणि तिथे धमन्या सैल करणारे अ‍ॅम्लोडिपिन किंवा डिल्टियाझेम उपयोगी पडते. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन यांचे काम वेगळे: पहिली रक्ताची गुठळी रोखते, दुसरी कोलेस्टेरॉल उतरवते. रक्तदाबाची गोळी त्यांची जागा घेत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत दाब बऱ्याचदा खाली असतो, त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी काही गोळ्या कमी केल्या जातात. खरा घोळ इथेच होतो: अंगात ताकद येते, ताटात लोणचे-पापड परततात, दाब हळूहळू चढतो, आणि चिठ्ठी मात्र जुनीच राहते. सासूबाईंनी सकाळ-संध्याकाळचे आकडे दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूला लिहून ठेवले होते, म्हणून डिसेंबरच्या थंडीत वर सरकलेला आकडा आमच्या ध्यानात आला आणि डॉक्टरांनी डोस वाढवला.

त्याच भेटीत डॉक्टरांनी दोन्ही दंडांवर दाब मोजला. छातीतील डावी धमनी डाव्या हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीतूनच फुटते. ती मोठी धमनी अरुंद झाली, तर डाव्या दंडावर आकडा फसवा कमी येतो आणि ग्राफ्टलाही रक्त कमी पडते. सासऱ्यांच्या दोन्ही हातांत फरक नगण्य निघाला. तरीही सासूबाईंनी वहीत 'डावा' आणि 'उजवा' असे दोन रकाने आखले आहेतच.