नीम म्हणजे नीम नव्हे

गच्चीवरच्या भाज्यांवर कीड पडली, काय मारू, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, नीमच्या बाटलीवर पीपीएम, म्हणजे मुख्य घटक दहा लाख भागांत किती, ते लिहिलंय का? बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

ऑगस्टमध्ये आमच्या मिरचीवर मावा आणि भेंडीवर तुडतुडे आले. भेंडीच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वर वळायला लागल्या. माव्याचं ठीक आहे, पाण्याची जोरदार धार मारली तरी निम्मा जातो. तुडतुडे मात्र कुंडीला धक्का लागला की उडतात आणि परत येऊन बसतात. म्हणून निंबोळीचं औषध आणायला नाशिकमधल्या एका कृषी सेवा केंद्रात गेले.

"कुंड्याच ना काकू? हे घ्या, टोपणभर मारा, दोन दिवसांत साफ."

लेबल वाचलं. अंतरप्रवाही कीटकनाशक.

"अहो, भेंडी आम्ही दिवसाआड तोडतो. हे मारल्यावर तोडायची कधी?"

"धुऊन घ्यायची."

जे झाडाच्या रसात उतरतं ते नळाखाली कसं धुतलं जाणार? पण मागे ट्रॅक्टरवाले ताटकळलेले, त्यांच्यापुढे कुंड्यांची बाई म्हणजे करमणूकच. मग दुकानदाराने दुसरी बाटली ठेवली. हिरवंगार पान, '१०० टक्के शुद्ध नीम'. नोंदणी क्रमांक नाही, मुदत नाही. अझाडिरेक्टिन किती आहे विचारलं, तर म्हणे, "अहो काकू, नीम म्हणजे नीम!"

नाही हो. कीड आवरतं ते निंबोळीतलं अझाडिरेक्टिन, आणि ते किती आहे हे पीपीएममध्ये छापलेलं असतं: ३००, १५००, १००००. त्यावर लिटरला किती मिली हे ठरतं. आकडाच नसेल तर मोजायचं काय? खूप खोदून विचारल्यावर कळलं की दुकानात १५०० पीपीएमचं दुसरं औषध होतं, पण लिटरचा डबा. माझ्या डझनभर कुंड्यांना तो मुदत संपेपर्यंत संपला नसता. लहान पॅक "उद्या येतोय". मग "गाडी निघालीय". मग फोनच उचलेना. तोवर भेंडीची खालची पानं करपून गळाली.

शेवटी येवल्याच्या वन्संनी निंबोळ्या पाठवल्या. जूनमध्ये झाडाखाली वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवलेल्या. टरफल काढून आतला मगज भरड कुटायचा, लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम, रात्रभर भिजवायचा. हाच तो ५ टक्के अर्क. सकाळी जुन्या सुती साडीतून दोनदा गाळला, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं. फवारताना चिमूटभर साबणाचा चुरा, म्हणजे पानाला धरतो.

मारायचा मात्र ऊन उतरल्यावर, कारण उन्हात अझाडिरेक्टिन टिकत नाही. आणि पानाच्या खालून, तुडतुडे तिथेच असतात. दुसऱ्या दिवशी किडे मेलेले दिसणार नाहीत. त्यांचं खाणं मंदावतं, पिल्लांची कात नीट पडत नाही. आठवड्याने परत मारला, तेव्हा कुठे भेंडीला नवी पानं सरळ आली. काय आनंद झाला म्हणून सांगू!

हां, वांग्याचा शेंडा मान टाकून लोंबत असेल तर अर्क वाया घालवू नका. अळी आत शिरलेली असते, तिथे फवारा पोचत नाही. भोकाच्या खालून शेंडा कापायचा, अळीसकट चिरडायचा. कुंडीतच टाकू नका.

निंबोळ्या गोणपाटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.